दुखवट्यातला सीडी प्लेअर

नवरा राडिसाव गेल्यापासून कोसारावहिनीला त्या मुक्या घरात एका जागी बसवेना. त्याने हौसेने आणलेला सीडी प्लेअर खोक्यातच पडून होता, आणि आमच्या सर्बियातल्या गावात दुखवट्याच्या घरी वर्षभर गाणं वाजत नाही. शेवटी मीच तो जोडला, हेडफोन लावला आणि वर्गात मुलांना शिकवायचो तसं सावकाश सांगितलं, "चकचकीत बाजू खाली. हं, आता हे बटण दाब."

तिने हेडफोनवरून काळा रुमाल बांधला आणि थोड्याच वेळात डोळे मिटून डुलायला लागली.

तेवढ्यात शेजारची नेवेन्का दार न वाजवताच आत आली. कोण दुखवटा नीट पाळतं, यावर हिची करडी नजर. माझी गाळणच उडाली.

"दुःखाने डुलतेय बिचारी," मी म्हणालो.

"मास्तर, दुःखात पाय ठेका धरतात होय?" तिने रुमाल ओढला. हेडफोन उघडा पडला. वहिनी पांढरीफटक.

नेवेन्काने दाराला आतून कडी घातली आणि वहिनीला खेटून बसली.


"सरक, एक कान मला दे. माझी सासू, मग दीर, मग नवरा... एकाच्या दुखवट्याचं वर्ष सरायच्या आत दुसरा जातो गं!"