चांगली उत्तरं

चर्चच्या तळघरातल्या बाकावर बसून व्हर्ना प्रुइटने हातातलं पत्र पुन्हा एकदा सरळ केलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने दिलेलं होतं ते. एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, एकही तक्रार नाही. सकाळी तिने पेट्रोल पंपाच्या बेसिनमध्ये केस धुतले होते, निळा शर्ट घातला होता. अकरा महिने गाडीत झोपणारी बाई कोणाला दिसू नये, एवढीच तिची काळजी. बेघरांसाठीची खोली मिळणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

शेजारी ओटिस बसला होता. त्याच्या नाकात प्राणवायूची नळी होती.

“लग्नाला निघालीस का?” त्याने विचारलं.

“घर देणारा आधी माणसाकडे बघतो. तूही दाढी करून यायला हवं होतंस.”

“मुद्दाम नाही केली.”

व्हर्नाला ती थट्टा वाटली.

आतल्या खोलीत खोलीसाठी अर्ज घेणाऱ्या मिसेस कोवॅक संगणकावर एकेक प्रश्न वाचत होत्या.

“गेल्या सहा महिन्यांत इस्पितळात किती वेळा जावं लागलं?”

तीनदा. त्यातलं एकदा रुग्णवाहिकेतून. “एकदाही नाही. ठणठणीत आहे मी.”

“कोणी मारहाण केली? धमकावलं?”

रात्री कोणीतरी फोडलेल्या गाडीच्या काचेवर तिने प्लास्टिक चिकटवलं होतं. “नाही हो. माझं कोणाशी भांडण नसतं.”

“आंघोळ, जेवणखाण, सगळं स्वतःचं स्वतः जमतं?”

“सगळं. कोणावर कधी भार टाकला नाही.”

“औषधं?”

“शुगर आहे. दुपारी जेवणाआधी इन्सुलिन घेते. एक दिवस चुकवलेलं नाही.”

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

तिने पत्र पुढे सरकवलं. मिसेस कोवॅक यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं.

“तीन गुण,” त्या म्हणाल्या.

“कितीपैकी?”

“सतरापैकी. आठच्या खाली आम्ही खोली देऊ शकत नाही, मिसेस प्रुइट. ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, त्याला आधी. खोल्याच तेवढ्या आहेत.”

व्हर्ना खुर्चीत पुढे सरकली. “काही उत्तरं मी बरोबर दिली नाहीत.”

“नोंद झाली आता. माझ्या हातात नाही ते. सहा महिन्यांनी पुन्हा या.” मिसेस कोवॅक यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. “मध्येच काही बिघडलं, इस्पितळात वगैरे राहावं लागलं, तर त्याआधीही पुन्हा मुलाखत घेतात.”

जाताना त्यांनी तिला एक पत्रक दिलं. भाड्याचं घर कसं शोधावं, याची माहिती होती त्यात.

ती गाडीत येऊन बसली. तासाभराने ओटिस प्राणवायूच्या नळकांड्याची छोटी गाडी ओढत आला. वाटेत बाहेर थांबलेल्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“अकरा,” तो खिडकीशी वाकून म्हणाला. “तुला?”

“तीन.”

त्याचं हसू मावळलं. “अगं, तुला कोणी सांगितलं नाही? तिथे रडगाणं गायचं असतं.”

“मला वाटलं, त्यांना चांगली माणसं हवी असतील.”

ओटिस नळी सारखी करत राहिला. “आता सहा महिने काय करशील?”

“आधी काही बिघडलं तर चालतं म्हणाल्या.”

तो गेला. चर्चच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. व्हर्नाने थर्मास उघडला. आत अजून बर्फ होता, इन्सुलिनची बाटली छान गार होती. ती तिने क्षणभर तळहातावर धरली. मग परत आत ठेवली, झाकण घट्ट फिरवलं, आणि मांडीवरच्या पावाचा कागद सोडून जेवायला सुरुवात केली.