ओटीची पायरी

“चार फूट खाली,” ओव्हरसियर वीरभद्रप्पांनी वहीतला आकडा वाचला. “एवढ्या मोठ्या पुरातही पाणी बांधाच्या माथ्याखाली चार फूट होतं. मग सांडव्याची भिंत दोन फूट चढवू. पाणी जास्त साठेल. कुंडलिक, वही छान ठेवलीस हं.”

तलावाचा राखणदार कुंडलिक कसनुसं हसला. आकडा त्याचाच होता. पंधरा वर्षांमागं पूर आला, तेव्हा पाणी फुगताना बघून गड्यानं जी धूम ठोकली, ती थेट मंद्रूपला सासऱ्याच्या घरात. बांधाखाली सबंध गाव, पण ना दवंडी, ना हाक. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर परत येऊन त्यानं अंदाजपंचे चार लिहून टाकलं. बांध टिकला, गाव वाचलं आणि ह्याची लबाडीही वाचली. आता भिंत चढली आणि तसाच पूर आला, तर पन्नास वर्षांचा तो मातीचा बांध गावाला घेऊन जाणार होता. त्याला सगळं कळत होतं. पण खरं बोलावं तर नोकरी जाते, अब्रू जाते. 

साहेबांनी रीत म्हणून बांधावर आलेल्या खालच्या गावातल्या रंभाबाईलाही त्या पुराचं विचारलं. बाई सत्तरीची, पण बोलणं ठणठणीत.

“दर साली बांधाच्या ह्या पायऱ्या उतरून आमी पाण्याला ओटी सोडतो. त्या साली एक बी पायरी उतरले न्हाय. हितं वरच, पायाशी आलेल्या पाण्यात सोडली.”

वीरभद्रप्पा हसले. “आजी, वहीत चार फूट लिहिलंय. कुंडलिक इथंच होता की. काय रे?”

कुंडलिकनं म्हातारीकडं बघितलं.  नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी तो सुटला असता. पण त्याला छातीवरचा सरकारी बिल्ला नकोसा झाला.

“मावशी खरं बोलतीया, रावसाहेब. मी हितं न्हवतोच. पळालो व्हतो. आकडा खोटा हाय.”

साहेबांनी चारावर काट मारली. कुंडलिक रंभाबाईच्या पायाशी बसला. त्याला वर बघवेना.

“मावशे, गावाला आता काय तोंड दावू?”

“मला ठावं व्हतं की,” म्हातारी हळू म्हणाली. “तुला पळताना बघितलं, म्हणून तर ओटीचं निमित्त करून वर आले. गावाला हाक द्याया कुणीतरी पायजे व्हतं बांधावर.”