हवा कुठून जातेय

शलाकाच्या उजव्या हाताची बोटं अपघातात गेली, तेव्हा तिच्या वडिलांनी, चौगुले टर्नरांनी, डाव्या हाताने चालवता येईल अशी पेंटबॉलची, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाच्या गोळ्या उडवणारी, बंदूक स्वतःच्या लेथवर बनवली. तासाभरात तिचा पहिला सामना होता आणि बंदूक फुसफुसत होती.

त्यांनी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडा येईना, तरी हवेच्या दाबाच्या मीटरचा काटा उतरतच होता. दाब वाढवला तर गोळी नळीतच फुटायची, कमी केला तर चार पावलांवर पडायची.

“काहीच कळेना झालंय गं,” ते म्हणाले. चाळीस वर्षांत मशीनपुढे त्यांचं असं कधी झालं नव्हतं.

शलाकाने गोळ्या काढल्या, सेफ्टी लावली. मग उजवा हात खिशातून काढून नळीच्या तोंडाशी बाजूने धरला.

“आण्णा, वारं इथनं येतंय. आतलं सील गेलंय.”

त्यांनी नळी खोलली. सीलला केसाएवढी चीर होती. ते बदलल्यावर काटा थांबला.

“एवढी बारीक हवा तुला कळली कशी?”

“या नव्या कातडीला सगळंच जास्त कळतं,” ती म्हणाली. “तुम्ही कधी विचारलंच नाही.”

आण्णा बंदूक उचलून तिच्यामागून मैदानाकडे निघाले.