झडतीचं कलम

“दोन मिनिटं काढून ठेवला असता, तर काय आभाळ कोसळलं असतं?” जिनिंग कारखान्याचे मॅनेजर श्रीकृष्णराव टेबलावर बोट आपटत म्हणाले.

सुखीबाईनं दंडावरच्या चुड्यावर हात ठेवला. दंडापासून कोपरापर्यंत घट्ट बसलेल्या पांढऱ्या बांगड्या. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाईचा चुडा लग्नात चढतो आणि एकदाच उतरतो, नवरा गेल्यावर. तिचा नवरा भावसिंग तर जिवंत होता, बैलगाडीवरून पडून दोन महिने खाटेवर असला तरी.

“हे काढत नसते, साहेब,” ती म्हणाली. “मानूस गेला का मंगच उतरते.”

दोघांच्या मधे कामगार खात्याचे समेट अधिकारी यज्ञेश्वरराव बसले होते. कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तंटा मिटवायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी ते एसटीनं यवतमाळहून दिग्रसला आले होते. तुमच्या तांड्यात नायकासमोर बसून मिटवता ना, तसंच हे, असं त्यांनी सकाळीच सुखीबाईला समजावलं होतं. तिला बरं वाटलं होतं. मात्र तांड्यात दोन्हीकडची माणसं भुईवर बसतात. इथं मॅनेजरला खुर्ची आणि तिला बाक. चला, बाक तरी होता.

वऱ्हाड मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती. जिनिंगच्या फाटकावरचा रिवाज जुनाच होता. संध्याकाळी भोंगा झाला की कापूस निवडणाऱ्या गावातल्या बायका सरळ घरी जायच्या. तांड्याच्या बायकांना मात्र जमादार लखीराम थांबवायचा. घागरा झटका, ओढणी झटका, आणि हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. कापूस कमी भरला की बोट तांड्याकडे, हे ठरलेलं. बारा दिवसांपूर्वी हुकूम आला की, चुड्याच्या आत कापूस कोंबतात, तोही उतरवून घ्या. सुखीबाई नाही म्हणाली आणि तिचं काम गेलं.

“झडती तांड्याचीच का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

श्रीकृष्णराव माणूस वाईट नव्हते. दिवाळीला बायकांना आठवणीनं लाडू वाटायचे. पण तुम्ही भेद करता असं कुणी म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

“भेद? माझ्याकडे? घ्या मग सगळ्यांची. माझीसुद्धा घ्या! झडतीनं कुणाचं काय झिजतं? लिहा साहेब. अंगावर बांधलेली, चढवलेली कोणतीही वस्तू फाटकावर काढून ठेवावी. अपवाद कुणालाच नाही. आजपासून.” मग दारात उभ्या असलेल्या जमादाराकडे वळून ते म्हणाले, “ऐकलंस, लखीराम? कुणाला सोडलंस तर तुझी नोकरी गेली.”

अधिकाऱ्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि शाईची डबी सुखीबाईपुढे सरकवली. अंगठा दिला तर उद्यापासून काम परत. पण मग चुडा रोज उतरवायचा. नाही दिला तर घरी बसायचं. घरी भावसिंग होता, त्याचं औषध होतं आणि चूल होती. तिचा अंगठा काही उठेना.

“जरासाक टाइम द्या, साहेब.”

“भोंगा होईपर्यंत,” अधिकारी म्हणाले.

भोंगा झाला. सगळे फाटकावर आले. ठरल्याप्रमाणे श्रीकृष्णराव सगळ्यांत पुढे, दोन्ही हात पसरून, फोटो काढायला उभं राहावं तसे हसत. मागे बायकांची रांग, तीत सुखीबाईही. लखीरामनं खिसे चाचपले, पाठ चाचपली. कमरेशी त्याचा हात थांबला. सदऱ्याखाली काहीतरी टणक लागत होतं. सदरा वर झाला. ऑफिसच्या कपाटाची किल्ली होती, जानव्याला बांधलेली.

“काढून ठेवा लागते, साहेब.”

श्रीकृष्णराव हसतच किल्लीची गाठ सोडू लागले.

“नुसती किल्ली नाही, साहेब.” लखीराम रडकुंडीला आला होता. “बांधलेलं सगळंच. हे बी. तुमीच लिवलं ना.”

जानवं म्हणजे काय हे लखीरामला कळत नव्हतं थोडंच! पण नोकरी म्हणजे काय हेही त्याला कळत होतं.

श्रीकृष्णरावांचा हात छातीवर गेला आणि जानवं मुठीत धरून तिथंच राहिला. तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी आपल्या हातातल्या कागदाकडे पाहत होते.

सुखीबाईला तो हात ओळखीचा वाटला. बारा दिवसांपूर्वी, याच जागी, तिचाही हात असाच चुड्यावर गेला होता. तेव्हाही माणसं अशीच बघत होती. मागून तांड्यातलीच पंचफुला तिला कोपरानं ढोसत होती. “पाहून काय राह्यली? आता नोको सोडू त्याले!” खोटं कशाला बोला, क्षणभर सुखीबाईला गोडच वाटलं. आता नुसतं गप्प राहायचं होतं, बाकीचं लखीराम करणारच होता. पण भर रांगेत उभ्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि तिला ते बघवेना.

ती रांगेतून पुढे आली.

“राहू दे, लखीराम,” ती म्हणाली. “हे काढत नसते.”

जानव्यावरची मूठ श्रीकृष्णरावांनी सोडली नाही. दुसरा हात पुढे करून त्यांनी अधिकाऱ्यांकडे तो कागद मागितला, आणि कलम खोडायला पेन.