हळू आवाजात

आतल्या खोलीत बायका रडत होत्या आणि बाहेरच्या खोलीत पंढरी सुपारी कातरत बसला होता. मध्ये नुसता एक पडदा होता. पण पंढरीला ऐकू येत नव्हतं. निजामपुऱ्यातल्या कापडाच्या लूमवर उभी हयात गेली, त्या खडखडाटात कान गेले. कानाच्या मशीनचा सेल परवाच संपला होता. त्र्याहत्तरचं साल, सगळ्याचीच टंचाई. अख्ख्या भिवंडीत सेल मिळेना. बारका नाही, टॉर्चचा मोठाही नाही.

"हिरामणची शिफ्ट सुटली न्हाय अजून?" त्यानं मोठ्यानं विचारलं. ऐकू येईनासं झाल्यापासून तो सगळंच मोठ्यानं बोलायचा.

त्याचा मुलगा हिरामण सकाळी गल्लीतल्याच शेडमध्ये कामावर गेल्या गेल्या लूमच्या पट्ट्यात सापडून मेला होता. सरकारी दवाखान्यातून प्रेत दुपारी घरी आणणार होते. त्याआधी बापाला सांगायला हवं होतं.

"मी सांगते," शेजारची गोदूबाई म्हणाली. ती बाहेर आली, पंढरीसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "पंढरीदादा!"

"काय गो?" पंढरीनं विचारलं आणि तिच्याकडे बघून हसला. तिला द्यायला त्यानं सुपारीचं खांड पुढं केलं.

गोदूबाई ते हातात घेऊन तशीच उठली. आत येऊन तिनं तोंडात पदर कोंबला.

"मला न्हाय जमत. पोरगा गेला म्हणून बापाच्या कानात बोंब कशी मारायची?"

हिरामणची बायको मैना भिंतीला टेकून बसली होती. ती अजून रडली नव्हती.

"कुणी वरडू नका," ती म्हणाली. "खुणाबी करू नका. मी सांगते. पण हळू सांगायचंय मला. मशीन पायजे."

बाहेरच्या दारात हिरामणचा दोस्त दौलत उभा होता. तो ट्रक चालवायचा. तो तसाच निघून गेला आणि थोड्या वेळानं एका हमालाला बरोबर घेऊन आला. दोघांनी ट्रकची बॅटरी उचलून आणली होती. त्यांनी ती पंढरीच्या पुढ्यात ठेवली.

"ह्ये काय घरात आणलंस, दौलत?"

दौलतनं पंढरीच्या खिशातलं, वायरनं कानाला जोडलेलं मशीन काढून घेतलं आणि झाकण उघडलं. जुनी बॅटरी होती, सहा खान्यांची. वरच्या शिशाच्या जोडण्या उघड्याच होत्या. सगळी बॅटरी जोडली असती तर मशीन जळालं असतं. त्यानं एकाच खान्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वायर गुंडाळली आणि दुसरी टोकं सेलच्या जागी बोटांनी दाबून धरली. मशीननं शिटी मारली. पंढरीनं डोळे मिटले. दौलतनं आवाज कमी केला.

मैना बाहेर आली आणि तिनं मागं पडद्याकडे बघितलं. आतल्या बायका गप्प झाल्या.

ती सासऱ्याजवळ बसली. "बाबा, ऐकू येतं?"

"येतं की," पंढरी म्हणाला. तोही एकदम हळू बोलला.

"बाबा, सकाळी पट्ट्यात सापडले. गेले."

"कोण गेले?"

मैनानं लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती थोडा वेळ बॅटरीकडे बघत राहिली.

"हिरामण," ती म्हणाली.

पंढरीच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. दौलतनं वायर तशीच दाबून धरली.

"तुला कवा कळलं?" पंढरीनं विचारलं.

"सकाळीच."

"मला भाकर वाढलीस तेव्हा?"

"हां."

"आणखी देऊ का म्हणून खुणेनं इचारलंस."

"मग दिवसभर तुमच्या पोटात काय गेलं नसतं, बाबा."

पंढरीनं मान हलवली. मग तो एकदम थांबला. त्यानं दाराकडे तोंड फिरवलं.

"ह्यो आवाज कसला?"

दौलतला आधी कळेना. या गल्लीत राहणाऱ्याला तो आवाज वेगळा असा ऐकूच यायचा नाही.

"लूमचा," मैना म्हणाली.

"आपल्या शेडचा?"

"हां."

"बंद न्हाय केला?"

मैनानं दौलतकडे बघितलं. दौलतनं मान खाली घातली.

"त्याचा लूम बंद ठेवलाय, काका. बाकीचे चालू हायत."

दौलत वायर काढायला लागला, तसं पंढरीनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

तो मान तिरकी करून लूमचा आवाज ऐकत राहिला. आत बायकांना हुंदके आवरेनात, त्या पुन्हा रडू लागल्या. पंढरीनं हात वर करून त्यांना गप्प बसवलं.