निरोगी नमुना

"तिसऱ्यांदाही तेच? तुझा हातच बसलेला नाही अजून!" पाळंदेमॅडम खेकसल्या. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने बाही वर सारून म्हणाल्या, "घे पुन्हा रक्त."

निरोगी माणसाचा नमुना म्हणून आमच्या लॅबमध्ये मॅडम स्वतःचंच रक्त देतात. निरोगी पांढऱ्या पेशीत ठरावीक प्रथिनं एका टोकाला गोळा होतात आणि पेशीला पुढचं-मागचं कळतं. मग जंतूंचा माग लागला की ती सरळ तिकडे धावते. मॅडमच्या पेशी मात्र तिन्ही वेळा जागच्या जागी भिरभिरल्या होत्या.

या वेळी मी गुपचूप माझंही रक्त काढलं. केमिकल तेच, हात तोच. मॅडमच्या पेशी पुन्हा भिरभिरल्या. मग मायक्रोस्कोपखाली माझी स्लाइड सरकवली, तर पेशी जंतूंकडे सुसाट निघालेल्या.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि मला बाजूला सारून वाकल्या.

"बघ, माझ्या पेशी कशा सरळ पळतायत! उगाच घाबरवलंस मला."

हसत त्यांनी माझा खांदा थोपटला. कागदाने कापलेला त्यांचा अंगठा तीन आठवड्यांनंतरही पट्टीतून पाझरत होता.