रखमाजीचा वजीर

कावळा काही शिवेना.

गोदावरीच्या घाटावर रखमाजीचा दहाव्याचा पिंड ठेवून तासभर झाला होता. समोरच्या लिंबावर बावीस कावळे. सर्जेरावांनी दोनदा मोजले. एरवी लहान लेकराच्या हातातली भाकर पळवणारी ही जात, पण आज सगळ्यांनी मिळून एकादशी धरल्यासारखी बसली होती.

“दादा, तुझी चांदीची चुन्याची डबी माझ्याकडंय बरं का!” सर्जेराव, रखमाजीचे धाकटे भाऊ, हात जोडून ओरडले. “उद्याच आणून देतो.”

ती डबी म्हाताऱ्यानं वीस वर्षं शोधली होती. घाटावरची चाळीस माणसं गालातल्या गालात हसली. एक कावळा शिटला. बाकीचे हललेसुद्धा नाहीत.

कल्याण ओल्या धोतरात पिंडासमोर उभा होता. नुकतंच भादरलेलं डोकं उन्हानं भाजत होतं. बापाचा जीव कशात अडकलाय, हे त्याला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. ती खालच्या पायरीवर बसून स्वतःची बोटं डोळ्यांपुढं नाचवत होती. आकांक्षा, कल्याणची नऊ वर्षांची पोर.

जालन्याच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला, तेव्हा रखमाजीनं एवढंच विचारलं होतं, “मंग आता करायचं काय?” पोरगी बोलत नव्हती, हाकेला ओ देत नव्हती, आणि पाणी दिसलं की वासरानं गाईकडं धावावं तशी धावत सुटायची. दोनदा तिला विहिरीच्या काठावरून धरून आणली. दुसऱ्या वेळी तिच्याजवळ कल्याणच होता, मोबाइलवर कापसाच्या भावाचं बोलत. त्या दिवसापासून बापानं नात त्याच्या भरवशावर सोडली नाही.

म्हाताऱ्यानं कुणाच्या तरी फोनवर अशा लेकरांना सांभाळणारे परदेशी कुत्रे पाहिले, आणि अंबडच्या एसटी स्टँडवरून एक गावठी पिल्लू उचलून आणलं. नाव ठेवलं वजीर. वर्षभर त्याला शिकवलं. गाव हसलं, म्हणालं, म्हातारा कुत्र्याची बाराखडी घेतो. रखमाजी गंभीरपणे सांगायचा, “सातवीपर्यंत पास हाय. पुढं शिकवायला मास्तरच मिळंना.” पोरीच्या कमरेला पट्टा, पट्ट्याची दोरी वजीरच्या छातीला. ती पाण्याकडं ओढ घेऊ लागली की वजीर तिथल्या तिथं बूड टेकायचा. मग ट्रॅक्टर लावला तरी हलायचा नाही, असं म्हातारा सांगायचा. ट्रॅक्टरचं खोटं असेल. पण चार वर्षांत पोरगी एकदाही पाण्यापर्यंत पोचली नव्हती.

आजही वजीर तिला लागूनच बसला होता, पिंडापासून सात-आठ हातांवर.

“बाबा,” कल्याण म्हणाला. “आकांक्षाला मी सांभाळीन. डोळ्यांत तेल घालून सांभाळीन. आता तरी माझ्यावर भरोसा ठेवा.”

माणसांनी माना वर करून लिंबाकडं पाहिलं. एकही कावळा उतरला नाही.

राधेश्याम गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. “होतं असं कधी कधी. दर्भानं शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे.”

“बिलकुल न्हाई,” कल्याण म्हणाला. “खराच शिवला पाहिजे. न्हाईतर गाव जन्मभर म्हणंल, बापाचा मरतानाबी पोरावर भरोसा नव्हता.”

“आरं मंग कावळा येईल कसा?” सर्जेराव म्हणाले. “तो वजीर बघ ना, फौजदारावानी बसून राह्यला. हलव त्याला जल्दी.”

वरच्या पायरीवर बायकांत बसलेली कल्याणची बायको, दैवशाला, उठून उभी राहिली. “अहो, दोरी नका सोडू. मी दोघांना वर घेऊन येते.”

“तिला उठवलं की ती किंचाळंल. एक कावळा थांबणार न्हाई. दोन मिनटांचं काम हाय. मी बघतो ना तिच्याकडं!”

त्यानं दोरी सोडली. वजीरला ओढत वर नेलं आणि पिंपळाला बांधलं. आकांक्षाला पत्ताही लागला नाही. बोटं नाचतच होती.

लगेच एक कावळा खाली उतरला.

दोन उड्या मारून थांबला. मान तिरकी केली. चाळीस माणसांनी श्वास रोखला. वरून वजीर भुंकू लागला, तसा कुणीतरी त्याला खडा मारला, “गप रे! उडून जाईल!” कावळा अजून एक उडी पुढं आला. वजीर आता भुंकत नव्हता, गळा फाडत होता. दैवशालानंही पदर तोंडाशी धरून पिंडावर नजर लावली होती. कल्याणला डोळ्याची पापणी लववायचं धाडस होईना.

चोच भाताला लागली.

“शिवला! शिवला!” घाट दणाणला. कल्याणनं गुडघे टेकले आणि लहान पोरासारखा हुंदका दिला. “ठेवला ना भरोसा, बाबा!”

दैवशालानं पोरीला दाखवायला म्हणून मान वळवली. पायरी रिकामी होती. खालच्या डोहात निळा फ्रॉक फुगून वर आला होता.

सर्जेरावांनी धोतरासकट उडी टाकली. पोरीला काठावर आणली, पालथी घातली, छाती दाबली, तोंडात फुंकर घातली. पोर गेली होती.

जमलेली चाळीसच्या चाळीस माणसं कावळ्याकडं बघत होती. पाण्याकडं बघणारा घाटावर एकटाच होता, आणि त्याला कल्याणनं स्वतःच्या हातानं झाडाला बांधलं होतं.